शंभर वर्षांपूर्वीची ब्रिटिश विनोदी नाटकं: आजही खळखळून हसावं अशी आहेत का?

तिसरी_घंटा
माझं मत: आहेत. आणि चटपटीत वाक्यांमुळे नाहीत. शॉ, बॅरी, मॉम, नोएल कॉवर्ड या नाटककारांची नावं काढली की लोक लगेच 'शाब्दिक आतषबाजी' म्हणून मोकळे होतात. कॉवर्डचं १९२५ चं 'हे फीव्हर' वाचा. ब्लिस कुटुंबातल्या चौघांनी एकमेकांना न विचारता शनिवार-रविवारसाठी एकेक पाहुणा बोलावलाय. पहिल्या अंकाच्या शेवटी सगळे चहाला बसतात. बोलायला विषयच नाही. अवघड शांतता पसरते, मग सगळे एकदम बोलायला लागतात आणि एकदम गप्प होतात. टाळीचं वाक्य एकही नाही, तरी हसून पोट दुखतं. 'हा मासा भिकार आहे' असल्या साध्या वाक्यांना या नाटकात मोठे हशे येतात, हे खुद्द कॉवर्डने लिहून ठेवलंय.

तिसऱ्या अंकात घरातली मंडळी पॅरिसमधला कोणता रस्ता कुठे निघतो यावरून हमरीतुमरीवर आलेली असतात, आणि मागून चारही पाहुणे सामान घेऊन गुपचूप पळ काढतात. दार आपटतं तेव्हा कुठे यजमानांना पत्ता लागतो! हा प्रसंग जुना होणं मला शक्यच वाटत नाही. माणसं एकमेकांचं ऐकत नाहीत, हे त्याचं इंजिन आहे.

खालचा_मजला
इंजिन चांगलं आहे, मान्य. पण गाडीत कोण बसलंय तेही बघा ना. त्याच घरात एमी नावाची मोलकरीण आहे. तिची दाढ दुखते एवढंच आपल्याला कळतं. रंगमंचावर ती येतच नाही. पुढच्याच वर्षी, मे १९२६ मध्ये, खाणकामगारांच्या मजुरीवरून ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप झाला. या नाटकांतल्या दिवाणखान्यांत त्या जगाची झुळूकसुद्धा शिरत नाही. ज्यांना पोटाची काळजी नाही त्यांच्या रुसव्याफुगव्यांवर मी तीन अंक का हसावं? आवड असणाऱ्यांनी हसावं, पण 'कधीच जुनं होणार नाही' हे मला पटत नाही.

प्रॉम्प्टर
खालचा_मजला, तुम्ही एका कॉवर्डवरून सगळ्यांना एकाच तागडीत तोलताय. शॉचं 'पिग्मॅलियन' १९१४ मध्ये लंडनला आलं. फुलं विकणाऱ्या एलायझाला भाषातज्ज्ञ हिगिन्स उच्चभ्रू बोली शिकवतो, ती गोष्ट. त्यातला डूलिटल हा एलायझाचा बाप, कचरा उचलणारा. मुलीच्या बदल्यात पाच पौंड मागायला येतो. हिगिन्स खूश होऊन दहा देऊ करतो, तर हा नको म्हणतो! दहा पौंड हातात आले की माणूस जपून वागायला लागतो, मग सुख संपलंच, असं त्याचं म्हणणं. गरिबाने कसं वागलं की तो मदतीला 'लायक' ठरतो, या सगळ्या सभ्य कल्पनेच्या तो दोन मिनिटांत चिंध्या करतो. हसता हसता हे कळतं, म्हणून ते डोक्यात राहतं.

आणि याच नाटकावरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं. १९७५ पासून मराठी प्रेक्षक ते डोक्यावर घेतोय, भक्ती बर्वेंची मंजुळा अजून लोकांच्या तोंडी आहे. परकं वाटलं असतं तर असं झालं असतं का?

खालचा_मजला
उलट माझाच मुद्दा सिद्ध झाला. फुलराणी इथे रुजली, कारण बोलीवरून माणसाची पायरी ठरवणं आपल्याकडेही चालतं. ब्लिस कुटुंब कुणी असं रुजवून दाखवावं. आणि शॉच्या नाटकाचं पहिल्याच निर्मितीत काय झालं? हिगिन्सचं काम करणाऱ्या बीरबोम ट्रीने शेवटी एलायझाकडे फुलं फेकून प्रेमकथा सूचित केली. शॉ संतापला, पुढे एलायझा तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लग्न करते असं त्याला वेगळं लिहावं लागलं. प्रेक्षकाला गोड शेवटच लागतो, डंख तो अलगद काढून टाकतो.

सायली_विंगेतून
मला वर्गापेक्षा दुसरंच खटकतं. कॉवर्डचंच 'प्रायव्हेट लाइव्ह्ज' (१९३०) माझं आवडतं. घटस्फोट झालेली दोघं आपापल्या नव्या जोडीदाराबरोबर मधुचंद्राला आलीत आणि हॉटेलात शेजारशेजारच्या गच्च्यांवर भेटतात. पुढे पॅरिसच्या फ्लॅटमध्ये त्यांनी एक परवलीचा शब्द ठरवलाय: भांडण पेटायला लागलं की तो उच्चारायचा आणि दोन मिनिटं दोघांनी गप्प राहायचं. लग्न झालेल्या कुणालाही विचारा, ही गरज खरी आहे की नाही! पण त्याच अंकात ती त्याच्या डोक्यावर रेकॉर्ड फोडते, तो तिला थोबाडीत मारतो, आणि पुढच्या अंकात बाईला मारण्याबद्दल एक वाक्य हशासाठी येतं. तिथे माझं हसू थांबतं. ती परत मारते म्हणून हिशेब चुकता झाला, हे मी मानत नाही. दिग्दर्शकाने तिथे हशा वसूल करू नये, मारामारी दुखेल अशीच दाखवावी. नाटक त्याने कोसळत नाही, उलट ही दोघं एकमेकांशिवाय का राहू शकत नाहीत हे जास्त टोचतं.

तिसरी_घंटा
सायली, तुमचं पूर्ण पटलं.

खालचा_मजला, डंख काढल्याचं म्हणताय, तर बॅरीचं 'द ॲडमिरेबल क्रायटन' (१९०२) बघा. लॉर्ड लोम महिन्यातून एकदा नोकरांना बरोबरीने चहा पाजतो, आणि त्याचा सर्वांत जास्त राग बटलर क्रायटनलाच येतो. मग जहाज फुटतं, सगळे बेटावर अडकतात. तिथे क्रायटन प्रमुख होतो, लॉर्डसाहेब पडेल ते काम करतात, त्यांची लेक लेडी मेरी क्रायटनशी लग्नाला तयार होते. तेवढ्यात तोफ ऐकू येते. जहाज आलंय. गप्प राहिला तर राज्य त्याचं आहे. तो स्वतः खटका ओढून जहाजाला इशारा देणाऱ्या मशाली पेटवतो. खलाशी येतात, मेरी त्याला आर्जवाने हाक मारते आणि तो उत्तर देतो, 'माय लेडी'. पडदा. लंडनला परतल्यावर मालकांचा भाचा अर्नेस्ट पुस्तक लिहितो, त्यात सगळा पराक्रम त्याचाच.

खालचा_मजला
पण शेवटी क्रायटन बटलरच राहतो ना! बॅरीने बंडाला हात घातला आणि मागे घेतला.

तिसरी_घंटा
घरातल्या सगळ्यांना खरं माहीत आहे आणि सगळे मिळून लपवतात, हे बॅरी अख्खा चौथा अंक दाखवतो. लेडी मेरीची होणारी सासू उलटतपासणी घेत असते, घामाघूम होतात ते मालक, बटलर नव्हे. हा हात मागे घेणं कसं? अंक पुन्हा वाचा आणि सांगा, त्या खोलीत बॅरी कोणाच्या बाजूने उभा आहे.