प्रतिसाद : कासारी ते भोगावती हा बाण खोडा

कुठल्या नदीची पातळी कुठलीचं कारण ठरते हे दाखवणाऱ्या आकृतीत तुम्ही कासारी नदीकडून भोगावती नदीकडे बाण काढलात, कारण कासारीची कालची पातळी धरली की भोगावतीचा आजचा अंदाज सुधारतो. अर्थशास्त्रज्ञ ग्रेंजर यांची 1969 ची कसोटी नेमकं एवढंच सांगते, पण ती सगळ्या संबंधित प्रक्रियांच्या नोंदी हाताशी आहेत असं धरून चालते. इथं घाटमाथ्याचा पाऊस नोंदीतच नाही! प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत कासारीचा थेंबही भोगावतीत जात नाही. पाऊस दोघींवर पडतो. भोगावतीचं पाणी आधी राधानगरी धरणात अडतं, स्वयंचलित दरवाजे उघडले की खाली येतं. म्हणून कासारी आधी फुगते आणि कारण वाटते.

अशा जागी दुटोकी बाण काढा. त्याचा अर्थ, दोघींमागं न दिसणारं एक सामाईक कारण आहे. (पंचगंगेत गुप्त सरस्वती मानणाऱ्या आपल्या गावाला हे जड जाऊ नये.) प्रत्येक नदीला स्वतःकडं वळणारा बाणही हवा, कारण आजची पातळी कालच्या पातळीवर उभी असते.

एक अडचण मात्र उरते. नुसत्या पातळ्यांवरून एकेरी आणि दुटोकी बाण बऱ्याचदा वेगळे ओळखता येत नाहीत. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याचा तासागणिक पाऊस नोंदींत मिळाला तर तो आधी आकृतीत जोडा.