इटलीला आई झेपेल का? (बी विंग ग्रुप)

बी-२०४: नमस्कार मंडळी. सप्टेंबरात इटलीला जायचं घाटतंय. आई ७२ ची, गुडघे दुखरे, पक्की शाकाहारी. मुलगा ६ वर्षांचा. टूरवाल्याने ८ दिवसांत ५ शहरं दिलीत. बी-५०१, तुम्ही जाऊन आलात ना आईंना घेऊन?

बी-५०१: वहिनी, ५ शहरं करू नका. रोज बॅगा भरायच्या, रोज बस. आम्ही चेफालूला एकाच घरात ७ रात्री काढल्या. सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावरचं गाव, पालेर्मोहून रेल्वेने तासाभरावर. स्टेशनातून उतरलात की चालत समुद्रावर. फक्त कागदी तिकीट असेल तर गाडीत चढायच्या आधी फलाटावरच्या मशीनमध्ये त्यावर तारीख-वेळ छापून घ्या, नाहीतर दंड.

बी-१०३: समुद्रच बघायचा तर गुहागर काय वाईट आहे 😄

बी-५०१: काका, गुहागर ते गुहागरच. पण भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. सकाळी पाण्यापासून चार पावलांवर चपला काढल्या, संध्याकाळी तिथेच कोरड्या. वाळूचा उथळ किनारा, लेक कंबरभर पाण्यात तासन्‌तास. छत्री-खुर्ची भाड्याने मिळते, पण मध्येमध्ये मोफत पट्टेही असतात. आम्ही मोफत पट्ट्यात चादर टाकायचो. आईला मात्र खुर्चीच घेतली, वाळूत बसली की तिला उठवायला दोघं लागतात. ऑगस्ट टाळलात ते उत्तम. १५ ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तोचा सण, अख्खा देश किनाऱ्यावर लोटतो.

बी-३०२: खाण्याचं काय? माझ्या जावेने रोममध्ये आठ दिवस पिझ्झा खाल्ला.

बी-५०१: इथे उलट चंगळ. पानेल्ले म्हणून प्रकार आहे, चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, पावात घालून देतात. आई पहिला घास खाऊन म्हणाली, "हे तर आपलंच, फक्त हिंग विसरलेत." वांग्याची आंबटगोड कापोनाता, वांगं घातलेला नोर्मा पास्ता. गोची एकच. आरांचीना म्हणजे भाताचा तळलेला गोळा. दुकानातला म्हणाला "बुर्रो", म्हणजे लोणी, म्हणून आईसाठी घेतला. फोडला तर आत गुलाबी तुकडे. हॅम! बुर्रोवाल्यात बहुतेक तेच असतं. पालकाचा मागा, आणि तरी फोडून बघा. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध फाडायला घालतात ते) असतं, आईंना चालत नसेल तर आधीच सांगायला लागेल. संकष्टीला आईने बदामाचं ग्रानिता खाल्लं, बर्फाच्या गोळ्यासारखं असतं. सोबतचा ब्रिओश पाव आमच्या वाट्याला, त्यात अंडं असतं.

बी-४०१ (सेक्रेटरी): उद्या सकाळी ११ ते १ पाणी बंद. टाकी धुणार आहेत. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, कृपया.

बी-२०४: सॉरी काका, एवढंच विचारते. बघण्यासारखं काय? आणि चढ?

बी-५०१: गावामागे ला रोक्का नावाचा सुळका, २७० मीटर. तो आईंना नाही. मी आणि लेक डायना देवीच्या जुन्या देवळापर्यंत गेलो, तेही सकाळी लवकर. कॅथेड्रल मात्र खाली गावातच आहे. राजा दुसऱ्या रॉजरने ११३१ मध्ये बांधायला घेतलेलं. आत सोनेरी मोझाइकचा भलाथोरला ख्रिस्त, हातात उघडं पुस्तक, एका पानावर ग्रीक, दुसऱ्यावर लॅटिन. खांदे झाकून जा. आणि दुपारी गाव झोपतं, दुकानं बंद. पुण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

बी-१०३: १ ते ४ का? मग लोक चांगले असणार.

बी-२०४: आणि व्हिसा?

बी-५०१: शेंगेन, युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा. प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी अर्ज करता येतो, आत्ताच तारीख घ्या. विमा किमान ३०,००० युरोचा. हॉटेलात बिलावर 'कोपेर्तो' दिसला तर भांडू नका, माणशी बसायचे पैसे असतात ते. मी भांडलो.

बी-५०१: मी आजी. फोन मुलाचा घेतलाय. त्याने मुख्य सांगितलंच नाही. तिथे जुना धोबीघाट आहे, पायऱ्या उतरून खाली. लोखंडी सिंहांच्या तोंडातून नदीचं पाणी येतं, दगडी हौद आणि कपडे घासायला उतरते दगड. दारावर लिहिलंय म्हणे, चांदीहून शुद्ध, बर्फाहून थंड. मी हात घातला, खरंच गार. माझी आई नदीवर अशाच दगडावर धुवायची. पाऊण तास बसले तिथे, ही मंडळी आईस्क्रीम शोधत होती.

बी-२०४: आजी 🙏 पायऱ्या किती? आईला जमतील?

बी-५०१: मोजल्या नाहीत गं. दगड झिजून गुळगुळीत झालेत. रबरी तळाचे बूट घाल म्हणावं, आणि उतरताना नातवाचा नाही, मुलाचा हात धर. मेतकूट न्या.