मुलीला पीजीत ठेवावं की चौघींनी मिळून फ्लॅट घ्यावा? (पुणे)

उदगीरकर:
नमस्कार मंडळी. लेकीला पुण्यात कर्वेनगरच्या बाजूला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. एक पीजी बघितलंय: खोलीत तिघी, दोन वेळचं जेवण, रात्री नऊला दार बंद. लेक म्हणते, वर्गातल्या चौघी मिळून टू बीएचके घेतो. एक आमच्याच गावची, एक चंद्रपूरची, एक संगमनेरची. तिच्या आईचा कल पीजीकडे आहे. मला दोन गोष्टींची काळजी वाटते. स्वयंपाक, भांडी, बिलं यात अभ्यास मागे पडेल का? आणि आजारी पडली तर बघणार कोण?

नवी_पेठ:
सर, मी स्पर्धा परीक्षेसाठी कॉट बेसिसवर राहिलोय. पलंग तेवढा आपला. शेजारचा पोरगा पुढच्या महिन्यात असेल की नाही, सांगता येत नाही. पीजीतही बऱ्याचदा तसंच असतं. सोबतच्या मुली ओळखीच्या असतील तर फ्लॅट घ्या. जेवणाचा व्याप वाटला तर मेस लावता येते.

गोदाकाठ:
काका, मी परभणीची. शिकत असताना कर्वेनगरलाच आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

भाडं तेव्हा १६,००० होतं, माणशी ४,०००. पण मी पैशांसाठी फ्लॅटची बाजू घेत नाही. तुम्ही विचारलेल्या दोन्ही गोष्टींसाठीच घेते.

स्वयंपाक रोज प्रत्येकीला करावा लागत नाही. पोळ्यांना मावशी यायच्या, भाजी-वरणाची पाळी चौथ्या दिवशी. उरलेले तीन दिवस कॉलेजातून आलं की गरम जेवण तयार. मेसच्या रांगेत याहून जास्त वेळ जातो. आमच्यातली रत्नागिरीची मुलगी परीक्षेच्या दिवसांत रात्री कुळथाची पिठी आणि भात करायची. मी घरून ज्वारीचं पीठ आणि ठेचा न्यायचे. महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांनी सारखे पैसे डब्यात टाकायचे आणि त्यातून गॅस, दूध, किराणा, लाइट बिल. वही स्वयंपाकघरात टांगलेली, खर्च करेल तिने लगेच लिहायचं. पैशांवरून आमच्यात कधी शब्दाला शब्द झाला नाही, तो त्या वहीमुळे.

आता अभ्यास. मी मराठी माध्यमाची. वर्गात इंग्रजीतून शंका विचारायला जीभ रेटायची नाही. ती भीती फ्लॅटमुळे गेली, कारण रात्री जेवताना सगळ्या शंका मराठीत निघायच्या. एम-थ्रीच्या (इंजिनिअरिंगचं तिसरं गणित) पेपरआधी जिला गणित जमायचं, ती फरशीवर खडूने सोडवून दाखवायची. व्हायवाचे (तोंडी परीक्षेचे) प्रश्न भाजी निवडता निवडता एकमेकींना विचारायचो. मी चांगल्या मार्कांनी पास झाले, त्यात या तिघींचा फार मोठा वाटा आहे, आणि हे मी अगदी मनापासून सांगते.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरत होत्या. एक जण दवाखान्यात माझ्याजवळ बसली, दुसरीने आईला फोन केला, तिसरीने प्रॅक्टिकलच्या नोट्स उतरवून ठेवल्या. परभणीहून आई येईपर्यंत रात्र गेली. ती रात्र मी एकटी नव्हते. काका, काकूंना ही गोष्ट नक्की सांगा, आईची काळजी मला कळते.

कुरबुरी होतात. सगळ्यात जास्त झोपेवरून. म्हणून पहाटे उठणाऱ्या दोघी एका खोलीत आणि रात्री जागणाऱ्या दोघी दुसऱ्या खोलीत, हे पहिल्याच दिवशी ठरवा. रात्री उशीर होणार असेल तर घरच्या ग्रुपवर कळवायचं, हा नियमही तेव्हाच.

माजी_शिक्षक_सातारा:
गोदाकाठ यांनी लिहिलेलं वाचून आनंद झाला. मी रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात वाढलो. कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटील) १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सर्व जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामं वाटून घेत. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, दिलं. उदगीरकर, वेगवेगळ्या गावच्या चार मुली एका चुलीवर जेवतात, याचं मोल कमी समजू नका.

नवी_पेठ:
आणखी एक. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गातली मुलगी असेल आणि शासकीय वसतिगृह मिळालं नसेल, तर स्वाधार योजनेतून पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये आहेत. त्यात निवासाचे २०,०००. एवढ्यात एकटीची खोली होत नाही, वाटून घेतलेल्या घराला मात्र चांगला हातभार लागतो. इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अर्जाला भाडेकरार लागतो, तो आधीच करून ठेवा.

उदगीरकर:
सगळ्यांचे आभार. गोदाकाठ ताईंचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. डेंग्यूचं ऐकून लेकीची आई म्हणाली, मग तिघींच्या आयांचे नंबर आधी घेऊ. आता कराराचं सांगा. मालक म्हणतात, एकीच्याच नावावर करू, नोंदणीची गरज नाही.

गोदाकाठ:
तसं करू नका काका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घराचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. चौघींचीही नावं घाला, म्हणजे एखादी मध्येच सोडून गेली तरी बाकीच्यांचा हक्क कागदावर राहतो. काम ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो. नोंदणी फी पालिका हद्दीत १,००० रुपये. डिपॉझिट किती आणि परत कधी, हेही त्यात लिहून घ्या. लाइट बिल मालकांच्याच नावावर राहू द्या, फक्त चावी घ्याल त्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून त्यांना पाठवून ठेवा.