'धमाल' हा शब्द चांगला की वाईट?

गोदाकाठची: नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत रंगपंचमीचा बोर्ड लावायचाय. मी लिहिलं "यंदा धमाल करूया!" तर एक काका म्हणाले अगं धमाल म्हणजे धिंगाणा, त्यापेक्षा 'आनंदोत्सव' लिही. आता आनंदोत्सव म्हटलं की मला हार-तुरे आणि सत्कारच दिसतात. पण आमची आजीसुद्धा "काय धमाल लावलीये रे पोरांनो" असं चिडूनच म्हणायची, म्हणून विचारतेय, नक्की अर्थ काय घ्यायचा? आणि मजा नि धमाल यात फरक काय?

पंचवटीकर: क्रियापद बघा ना, अर्धा अर्थ तिथेच आहे. मजा आली, गंमत आली, धमाल आली, हे सगळं कौतुकाचं. आणि 'घातला' आलं की बिघडलं, धिंगाणा घातला, धुडगूस घातला, दंगा घातला. धमाल सहसा कोणी घालत नाही. आजींचा राग त्या 'लावलीये' मध्ये आहे, "काय लावलंय हे" म्हणतो ना आपण, तसा. आणि मजा एकट्याला पण येते, पावसात भजी खाताना येतेच की, धमालीला मात्र चार माणसं लागतात.

जुनं नाशिक: 'घातला' म्हणजे वाईटच असं नाही हं, लग्नानंतर देवीचा गोंधळ घालतात तो काय वाईट? बाकी चार माणसांचं एकदम पटलं. तिवंधा चौकात या रंगपंचमीला, पेशव्यांच्या काळातली रहाड आहे, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद, वर्षभर बुजवलेली असते, त्या दिवशी उघडतात, पूजा झाली की धप्पे, म्हणजे त्यात धपाधप उड्या सुरू. एखादा जाडजूड गडी वरून धप्पा मारतो आणि काठावरचे सगळे एका झटक्यात पिवळेधम्मक, जे नुसते बघायला आलेले ते पण, आणि मग जो काय आरडाओरडा होतो ना त्याला मजा हा शब्द पुरतच नाही. शिवाय राजस्थानात शेखावाटीकडे होळीला चंग (डफासारखं वाद्य) वाजवून जी गाणी म्हणतात त्यांना धमालच म्हणतात, आणि आपल्या शास्त्रीय संगीतात होरी, म्हणजे होळीची गीतं गातात ती 14 मात्रांच्या धमार तालात. त्यामुळे रंगपंचमीच्या बोर्डावर हा शब्द शोभतोच, बिनधास्त लिही ताई.

सिडकोवाला: +1. फक्त खाली "खूप मज्जा आला" नका लिहू प्लीज, हल्ली पोरं सर्रास बोलतात. हिंदीत तो मजा, आपल्याकडे ती मजा, आणि धमाल पण तीच.