बंद सरकत्या जिन्यावरही तोल जातोच की
"सरकत्या जिन्याला घाबरतात ते फक्त गावाकडून आलेले नाहीतर म्हातारे" हे म्हणणं पटलं नाही. माझ्या आईने ठाण्याहून लोकलने अख्खी नोकरी केली, चालत्या गाडीत चढायची (तेव्हा सगळ्याच चढायच्या), पण सरकता जिना आला की निऱ्या मुठीत धरून थबकते. दोरीवरच्या उडीत शिरावं तसा एक पाय पुढे-मागे, आणि मागे रांग तुंबलेली. पायाकडे बघू नकोस, आधी कठड्याचा पट्टा धर, असं सांगितल्यापासून बराच फरक आहे. निऱ्या सोडत नाही, ते योग्यच. कडेचे ब्रश लोक समजतात तसे बूट पुसायला नसतात, पाय आणि कपडे फटीपासून लांब राहावेत म्हणून असतात.

आणि धीट मंडळींनी बंद पडलेल्या जिन्यावर पाय ठेवून बघावा. तो थांबलाय हे डोळ्यांना दिसत असतं, तरी अंग सवयीने पुढे झुकतं. लंडनच्या संशोधकांनी २००३ मध्ये यावर प्रयोगही केलेत. मी घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये असाच पडता पडता वाचलो, तेही आईसमोर.