मदत हवी आहे: आईला कसं समजावू?

मी ४९ वर्षांचा, साताऱ्याचा. २४ वर्षं राज्य सरकारची नोकरी करून मार्चमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. २० वर्षं सेवा झाली की ३ महिन्यांची नोटीस देऊन ती घेता येते, पण लोकांना हे पटतच नाही. काल दूध आणायला गेलो तर शेजारचे काका कानाशी येऊन म्हणाले, "चौकशी लागली होती का रे?" हातातली किटली तशीच राहिली.

पेन्शन सुरू झालीय, डोक्यावर कर्ज नाही. आईजवळ राहायचं होतं, एवढंच कारण. आणि तीच पाहुण्यांना सांगते, "रजेवर आलाय." हे फार लागतं मनाला. उद्या मुलीच्या स्थळांकडूनही तोच प्रश्न येणार.

तुमच्यापैकी कुणी लवकर निवृत्ती घेतली असेल, तर घरच्या वडीलधाऱ्यांशी नेमकं काय बोललात? कृपया सांगा.