पावसात रोज भिजणारी गाडी वेगळी धुवायची का?

कळंबा_कट्टा:
गाडी उघड्यावर, रोज गगनबावडा रोडनं जाणं-येणं. वरून पाऊस धुतोयच, तर दिवाळीपर्यंत तशीच ठेवली तर चालेल का? काचेवर गोल डागही पडलेत.

पत्रा_पारखी:
अजिबात नको. पाऊस धूळ भिजवतो, काढत नाही. जोराची सर आली की टपावरची सुटी धूळ जाते. धुराचा चिकट थर तसाच राहतो, बोट फिरवून बघा. उघडीप पडली की थेंब वाळतो अन् त्यातली घाण कडेनं रिंगण करून बसते.
खरं दुखणं खाली आहे. तांबडा चिखल चाकावरच्या कमानीच्या आतल्या कडेला साचतो, स्पंजासारखी ओल धरतो. गंज तिथनंच धरतो. तिथं आठवड्याला पाणी मारा, आख्खी गाडी पंधरा दिवसांनी धुतली तरी चालेल.

दोन_बादल्या:
आधी नुसतं पाणी मारून चिखल सुटू द्या. तसंच ओलं फडकं फिरवलंत तर मातीतली वाळू रंग खरवडते. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे दिसतात ते हेच. प्रेशरचं नोझल फूटभर लांब धरा, रेडिएटरच्या पत्र्या वाकतात.
एका बादलीत १० लिटर पाणी अन् गाडीचा शॅम्पू, माप बाटलीवर असतं. दुसरीत साधं पाणी, फडकं खळबळायला. टपापासून खाली या. भांड्यांचा साबण नको, वॅक्स धुऊन निघतं.
आता दार उघडून खालची कड बघा. तिथं बारीक भोकं असतात. ती बुजली की दारात पाणी साचतं, वळणावर खळखळ ऐकू येते. झाडूच्या काडीनं मोकळी करा, तार घालू नका. वायपरखालच्या जाळीतली पानंही काढा, नाहीतर पाणी आत पायाशी येतं.

पत्रा_पारखी:
डाग पावसाचे असले तर शॅम्पूनं जातील. बोअरच्या पाण्याचे क्षार असतील तर पांढरं व्हिनेगर अन् पाणी निम्मं-निम्मं, गार काचेवर दोन मिनिटं, मग भरपूर पाणी.
धुतल्या धुतल्या हँडब्रेक ओढून रात्रभर ठेवू नका, मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम ओले असले तर आतले ब्रेकचे लायनर चिकटतात. आधी थोडी गाडी फिरवून, ब्रेक मारून सुकवा. ओल्या गाडीवर कव्हरही नको.

कळंबा_कट्टा:
कव्हर तर रोज घालतोय की! मागच्या उजव्या दारातनं आत्ता तांब्याभर गढूळ पाणी निघालं. वॅक्स लगेच लावू का?

दोन_बादल्या:
पत्रा ओला असताना धरणार नाही. चांगली उघडीप मिळाली की लावा, पण ऊसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत.